दुखरा हात

कुमुदच्या खांद्यातल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया काढून डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली. "जुनं दुखणं आहे, वेळ लागेल."

तिची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या नवऱ्यानं गमतीनं मनगट पुढं केलं. "माझीही बघा की!"

हसत टेकवलेली डॉक्टरांची बोटं तिथंच थबकली. त्यांनी दुसरा हात मागितला.

"काका, दम लागतो?"

"जिना चढताना. वय झालं आता."

घरी हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"इथं सुया चालणार नाहीत. आत्ताच हॉस्पिटलात जाऊन ईसीजी काढा."

नवरा सवयीनं पिशवी खांद्याला लावू लागला. "द्या इकडे," म्हणत कुमुदनं ती हिसकावली, वर्षभर कपबशीही न पेललेल्या हातानं. कळ मस्तकात गेली, पण पिशवी तिनं सोडली नाही.