दोन बोटांचा जोर

"कुणी आवळलाय ह्यो स्क्रू?" अण्णांनी कार्बोरेटर माझ्या नाकासमोर धरला. "ॲल्युमिनियम हाय ह्ये. जोर लावला की आटे गेलेच!"

"चुकलं, अण्णा," मी म्हणाले. काल तो त्यांनीच आवळला होता. पण वडिलांना खरं सांगितलं की ते लहान मुलासारखे रडायला लागतात, म्हणून हल्ली मी सगळं स्वतःवर घेते.

त्यांच्या जुन्या मोटरसायकलचा हा कार्बोरेटर आता कुठंच मिळत नाही. मी स्क्रूचं भोक मोठं केलं, नवे आटे पाडले, त्यात आतून आटे असलेला नळीसारखा पितळी बुश बसवला. यापुढे भोक वाढवायला कडेला धातूच उरला नव्हता.

"आण हिकडं, दावतो." त्यांनी स्क्रूड्रायव्हर दोन बोटांत धरला. याच गॅरेजात मला शिकवताना धरायचे, तस्साच. स्क्रू बसला आणि ते नेमके थांबले. हात अजून विसरलेले नाहीत! माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. अण्णांनी तिकडे पाहिलं, मग परत स्क्रूकडे. "आण हिकडं, दावतो," म्हणत त्यांनी पुन्हा आवळला. आणि पुन्हा, आता सगळी मूठ लावून. मी हात पुढे केला. पण वस्तादाचा हात कसा धरायचा?

कट्‌ आवाज झाला. स्क्रू नुसताच फिरू लागला.

अण्णांनी कळवळून माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तुझा वस्ताद कोण गं? त्यानं काहीच शिकवलं न्हाई तुला?"