पंधरा मीटर

“अजून मागे, बोंग, अजून मागे!” रहिवासी समितीच्या ग्वाकबाई ओरडल्या, आणि टेपचं टोक धरून बोंग काका उलट्या पावली सरकत गेले. त्यांची पाठ भिंतीला टेकली.

“बारा!” ग्वाकबाईंनी निकाल दिला. “बालवाडीपासून बाराच मीटर. ही जागा बाद.”

सुक-यंगने बोटं मोजली. सकाळपासून बाद झालेली ही चौथी जागा. कंपनीचं पत्र येऊन आठवडा झाला होता. तुमच्या विजेच्या गाडीची बॅटरी सदोष आहे, उभ्या उभ्या पेट घेऊ शकते, बदलून मिळेपर्यंत गाडी उघड्यावर ठेवा, माणसं असतील तिथून पंधरा मीटर लांब. नवी बॅटरी यायला चार महिने. पत्र आल्याचं तिने आपण होऊन रहिवासी समितीला सांगितलं होतं. प्रामाणिकपणाची खाज, दुसरं काय! त्याच संध्याकाळपासून तळघरातल्या पार्किंगचा दांडा तिच्या गाडीसाठी वर जाईना. लिफ्टमध्ये लोक तिला पाहून अंग चोरू लागले, जणू बॅटरी तिच्या पर्समध्येच होती.

आज दुपारपर्यंत आवारात जागा सापडली नाही तर गाडी बाहेर, फाटकातून आत आणायचीही नाही, असा ठराव झाला होता. बाहेर म्हणजे नदीकाठचं मैदान, चालत वीस मिनिटं. सुक-यंग आठवड्यातून तीनदा आईला डायलिसिसला नेई. परत येताना म्हातारीला दहा पावलं टाकवत नसत, आणि व्हीलचेअर दिसली की टॅक्सीवाले थांबत नसत. आत्ताही आई इमारतीच्या दारात खुर्चीत बसून होती, गुडघ्यांवर पांघरूण घेऊन. दोनची वेळ मिळाली होती.

मोजणारी मंडळी ज्येष्ठांच्या खोलीमागे गेली. तिथे मोकळी जागा होती. टेप ताणली गेली, सोळा भरले, आणि सुक-यंगचा जीव भांड्यात पडतोय तोच एक आजीबाई काठी आपटत बाहेर आल्या.

“आणि भिंतीलगतच्या माझ्या बरण्या? तीन वर्षं मुरलंय सोयाबीनचं वाटण. त्याला धग लागली तर तू आणून देणार आहेस का, गं?”

बरण्यांपासून मोजलं. नऊ. बाद.

पुढची जागा नोह साहेबांनी उडवली. त्यांची गाडी आठ मीटरवर उभी होती. “नवी कोरी आहे हो माझी,” ते म्हणाले. “रविवारच्या रविवार मेण लावून पुसतो मी.” त्यांच्या गाडीपासूनही पंधरा मीटर धरायचे ठरले.

“अहो, मी काय चोरी केली आहे का?” सुक-यंगला रडू फुटलं. “फुकटात नाही राहत इथे. आम्हीपण माणसं आहोत!”

“तेच तर म्हणतोय आम्ही,” ग्वाकबाई म्हणाल्या. “माणसांच्या जिवाला जपायला नको?”

बोंग काका टेप गुंडाळता गुंडाळता तिच्याजवळ आले. एकाहत्तर वर्षांचे, या आवाराचे पहारेकरी. सगळे त्यांना नुसतं बोंग म्हणत. काका म्हणणारी सुक-यंग एकटी. थंडी पडली की ती त्यांना भाजलेली रताळी नेऊन देई. परवा कोणीतरी तिच्या गाडीवर अंडी फेकली, तेव्हा तिला कळायच्या आत काकांनी काच पुसून लख्ख केली होती.

“मागच्या फाटकाशी बघू,” ते हळूच म्हणाले. “तिथे कोणी फिरकत नाही.”

आणि खरंच, जागा मिळाली! जवळच्या इमारतीपासून बावीस मीटर. बालवाडी लांब, बरण्या लांब, नोह साहेबांची गाडी तर दिसतही नव्हती. सुक-यंगने डोळे पुसले. या ग्वाकबाईने माझ्या आईला रस्त्यावर आणायचा घाट घातला होता, पण देव आहे, असं तिला वाटलं.

ग्वाकबाईंना हे पचेना. त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली आणि बोट रोखलं. “आणि ही चौकी? दोन मीटरसुद्धा नाही.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. पत्र्याची चौकी, जेमतेम पाय पसरता येतील एवढी. काका दिवसाआड तिथे चोवीस तास असत. खिडकीतून घडी घातलेली गादी दिसत होती, भाताचा छोटा कुकर, पेल्यात दात घासायचा ब्रश. बोंग काकांनी सुक-यंगकडे पाहिलं. त्यांचा करार या महिन्यात संपत होता, स्वतःसाठी तोंड उघडायची त्यांची टाप नव्हती. पण ती बोलेल, याची त्यांना खात्री होती.

सुक-यंगने दारातल्या आईकडे पाहिलं. मग घड्याळाकडे.

“ती कशाला मोजायची?” ती म्हणाली. “तिथे कोण राहतं?”

ग्वाकबाई क्षणभर तिच्याकडे बघतच राहिल्या. मग हसल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिच्याकडे पाहून हसल्या. “काय रे बोंग, राहतं का कोणी इथे?”

टेपचं टोक अजून काकांच्या हातात होतं.

“नाही, बाई,” ते म्हणाले. “कोणी नाही.”

ठराव झाला. सह्या झाल्या. सुक-यंगने आईला डायलिसिसला नेलं, आणलं, आणि संध्याकाळी गाडी चौकीला लागून उभी केली. मग काच खाली करून तिने काकांच्या हातात गरम रताळं ठेवलं.

“आज रात्री डोळा लागू देऊ नका हं, काका,” ती म्हणाली. “धूर दिसला तर आधी आम्हाला उठवा.”