धुऱ्यावरचं सोयाबीन

"बॅटरी किती टिकते ते सांग आधी," भागिरथा म्हणाली. "क्यामेरा मंग पाहू."

अनसिंगच्या मोबाइलच्या दुकानातला हरीओम जरा गोंधळला. गिऱ्हाईक आधी क्यामेराच विचारतं. पण ही बाई सोयाबीन सोंगणाऱ्या, म्हणजे कापणाऱ्या, बायांच्या टोळीची म्होरकी, दिवस उगवायच्या आत वावरात जाणारी. वावरात काय बाभळीला चार्जिंगचा बोर्ड असतो? त्यानं जाडजूड बॅटरीचा एक फोन काढला आणि दोन दिवस पुरेल म्हणून शपथ घेतली. तिनं तो विळ्यासारखा हातावर तोलून पाहिला.

शेजारी तिचा दीर राजपाल तोंड पाडून उभा होता. इतकी वर्षं सोंगणीची कामं त्याच्याच फोनवर यायची. शेतकरी म्हणायचा वावर साफ आहे, आणि हा ओट्यावर बसल्या बसल्या एकरी भाव कबूल करून आपलं चहापाणी काढून घ्यायचा. मागच्या हंगामात जऊळक्याला असंच एक 'साफ' वावर सोंगायला बाया गेल्या, तर सोयाबीन कमी अन् गवतच जास्त. शब्द दिलेला, मग काय करता! काम लांबतच गेलं, मजुरी मात्र ठरली तेवढीच. बायांचे हात सोलून निघाले, आणि राजपाल म्हणाला, नशीब. त्या नशिबाचा भागिरथाला असा संताप आला की टोळीनं वर्गणी काढून हा फोन घ्यायचं ठरवलं.

आता प्लॅनची पाळी आली. राजपालचं म्हणणं, नुसत्या बोलण्याचा स्वस्तातला घ्या, बाईमाणसाले नेट कायले पाह्यजे? हरीओमनं महिन्याचा नेटवाला दाखवला, तो निघाला अठ्ठावीस दिवसांचा. तुह्या दुकानातला महिना असा लवकर कसा मरते, म्हणून तिनं त्यालाही सोडलं नाही. शेवटी अख्खा हंगाम निघेल असा नेटवालाच घेतला, महाग पडला तरी. सिमसाठी राजपालनं आपलं आधार कार्ड पुढं केलं. तिनं ते उचलून त्याच्याच खिशात घातलं आणि स्वतःचं काढून ठेवलं.

"वयनी, माह्यावर इस्वास नाही काय?"

"तुमच्यावर हाये, भाऊजी. तुमच्या नशिबावर नाही."

सिम चालू होईस्तोवर चहा झाला, हरीओमनं व्हॉट्सअ‍ॅप टाकून दिलं. तेवढ्यात राजपालच्या फोनवर किन्हीराजाचे शेतकरी मारोतराव बोलले. त्यांना उद्याच बाया पाहिजे होत्या, आणि वावर अर्थातच एकदम साफ होतं. राजपालचा 'हो' ओठावर आला होता. भागिरथानं त्याच्या हातातला फोन घेतला, आपला नवा नंबर सांगितला आणि म्हणाली, वावरातून व्हिडिओ लावा, पाहून भाव सांगते. मारोतरावांनी आधी आढेवेढे घेतले. त्यांना असं सांगणारी बाई आजवर भेटली नव्हती. पण आभाळ भरून आलेलं, शेंगा तडकायला लागलेल्या. अडला हरी, दुसरं काय!

नवा फोन वाजला. आधी मारोतरावांचा चेहरा दिसला, मग धुऱ्यालगतचं, बांधाच्या कडेचं सोयाबीन. खरंच झाडून काढल्यासारखं साफ होतं. राजपाल म्हणाला, पाह्यलं ना?

"भाऊ, धुऱ्यावरचं नका दाखवू," भागिरथा म्हणाली. "मधात चाला."

मारोतराव म्हणाले, बॅटरी संपत आली.

"मंग चार्ज करून लावा. माही दोन दिवस पुरते."

थोडा वेळ फोनमध्ये नुसतं आभाळ दिसत राहिलं. मग चित्र हललं, सोयाबीन मागं पडलं, आणि सोन्याची अंगठी घातलेला एक हात कमरेएवढं गवत बाजूला सारू लागला.

"अजून थोडं पुढं," भागिरथा म्हणाली.