शोधायचं बटण

"जुना स्कॅन सापडला का?" डॉक्टरीणबाईंनी दारातूनच विचारलं.

"सापडतोय," दीर म्हणाला. त्याच्या मांडीवर पलंगावर पडलेल्या भावाचा लॅपटॉप होता आणि पडद्यावर एक राखाडी चौकोन. मेनू नाही, चित्रं नाहीत, फोल्डरची नावंसुद्धा नाहीत. फायली दाखवणारा हा लिनक्सवरचा साधासा प्रोग्राम. भावाने तो वर्षानुवर्षं तासून तासून इतका हलका केला होता, की आता त्याच्याखेरीज तो कुणालाच उचलवत नव्हता.

"मेंदूतली गाठ तेव्हाही एवढीच असेल, तर डोकं उघडायचं कारण नाही. वाढली असेल, तर आत्ताच ऑपरेशनला न्यायचं. आणि ताडून बघायला काहीच नसेल, तरी न्यावंच लागेल." बाई निघून गेल्या.

स्कॅन काढणारं सेंटर केव्हाच बंद पडलं होतं. फिल्म भावाने स्वतःच्या हाताने रद्दीत घातली होती. 'कॉम्प्युटरवर आहे ना? मग घरात अडगळ कशाला?'

"वहिनी, यात शोधायचं बटण कुठंय?"

"काढून टाकलं त्यांनी."

"का?"

"म्हणाले, वस्तू कुठे ठेवली ते ज्याला आठवतं, त्याला शोध कशाला लागतो?"

दिराने कपाळाला हात लावला. एक कळ दाबली, चौकोन काळा झाला. दुसरी दाबली, आडवा होता तो उभा झाला. शेवटी त्याने पडद्याचा फोटो काढून भावाच्या कॉम्प्युटरवाल्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: भाऊ हॉस्पिटलमध्ये आहे, बोलू शकत नाही, फाइल ताबडतोब हवी आहे, काय करू?

उत्तर लगेच आलं. 'जबरदस्त मांडणी! सेटिंग शेअर करणार का?' त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

"भावजी, आणा इकडे."

तिने लॅपटॉप नवऱ्याच्या पोटावर ठेवला. त्याचा डावा हात तेवढा हलत होता; तो उचलून कळांवर ठेवला. "अहो, तुमचा जुना स्कॅन. डोक्याचा. कुठे ठेवलाय? बाकी काही नको, तेवढा उघडा."

त्याची नजर पडद्यावर स्थिरावली. डोळ्यांत ओळख आली. सकाळपासून तिच्याकडे बघताना ती आली नव्हती.

बोटं चालू लागली. चौकोन मिटला, दुसरा उघडला, त्यातून तिसरा. दीर पलंगावर ओणवा झाला. "शाब्बास, दादा! बस, आता फक्त..."

उघडली ती सेटिंगची खिडकी. चौकोनाच्या डाव्या कडेला एक बारीक रेघ राहिली होती. त्याने ती निवडली आणि काढून टाकली.

मग तो बायकोकडे वळला. काहीतरी काढून टाकलं, की रोज संध्याकाळी वळायचा तसा. ओठ हलले, शब्द आला नाही.

बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली.

"छान झालंय," ती म्हणाली. "एकदम हलकं."