आण्णांच्या नाकावरचा भुंगा

भुंगा आण्णांच्या नाकावर येऊन बसला, तेव्हा केरबा महाराज नेमके मोक्षापर्यंत पोचले होते.

नाक फोटोतलं होतं. आण्णांना जाऊन वर्ष झालं होतं आणि रहिमतपूरच्या त्यांच्या अंगणात पुण्यस्मरणाचं कीर्तन रंगात आलं होतं. महाराजांचा आवाज असा, की मांडवाच्या कापडालाही ठेका धरावासा वाटावा. बाराच्या ठोक्याला फोटोवर फुलं पडायची होती. सगळ्यांच्या मुठीत पाकळ्या होत्या. काहींचा एक डोळा महाराजांवर आणि एक आमटीच्या पातेल्यावर होता. देवाला तेवढं चालतं.

भुंगा नाकावरून उतरून हारातल्या शेवंतीत शिरला. हा आपल्याकडचा काळाकुळकुळीत भुंगा नव्हता. अंगभर लोकरीची बंडी घातल्यासारखा केसाळ, कमरेला पिवळा पट्टा आणि बूड चक्क केशरी.

बायकांत बसलेली प्रियदर्शनी ताडकन उठली. आण्णांची ही सून साताऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. थंड डोंगरातला केसाळ भुंगा आपल्या बांधावर आलाय, असं ती दिवाळीपासून सांगत होती. पुण्याच्या एका तज्ज्ञांनी तिचे अंधुक फोटो परत पाठवले होते. वर कळवलं होतं, ‘पाठ आणि मागचे पाय स्वच्छ दिसायला हवेत. पायाला पराग असेल तर तो पिल्लांसाठी चाललाय, म्हणजे मुक्काम इथंच. ते दिसलं नाही तर नोंद होणार नाही.’ तेव्हापासून बाई मोबाईल घेऊन तुरीतून पळत होत्या आणि गाव हसत होतं.

ती टाळकऱ्यांच्या मधून थेट फोटोपाशी गेली.

"आगं सूनबाई, पाया पडायला अजून येळ हाय!" नाथाजी ओरडले. आण्णांचे हे पलटणीतले दोस्त.

"फुलं टाकू नका कुणी! उडून जाईल!"

मांडवात कुजबुज झाली. बाराची फुलं कुणासाठी थांबत नसतात. एवढ्यात आण्णांची बायको मनुबाई उठली. गेल्या साली दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. दुपार कलली तरी शिवला नाही. मालक रुसून गेले, हे तिनं वर्षभर उराशी धरलं होतं. तिनं हारातला भुंगा पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आलं व्हय?" ती म्हणाली. "कावळा झालं न्हाईत, आन् आज ह्या रूपानं आलं!"

हातात आलेला धागा सोडेल तो कीर्तनकार कसला! "माउली, जीव कुठल्या रूपानं दारी येईल, सांगता येत नाही," महाराजांनी सूर वर नेला. पखवाज कडाडला.

"आण्णाच हाय गड्या!" नाथाजींनी हात जोडले. "जित्तेपणी कीर्तनात मागं बसून घोरायचा. आता बघा, थेट हारात!"

"कुणी फूल टाकायचं न्हाई," मनुबाईनं हुकूम सोडला. "मालकांचा फोटू निघू द्या."

बारा वाजून गेले आणि माणसं मुठी आवळून उभी राहिली. भुंगा खाली मुंडी घालून मध पीत होता. केशरी बूड त्यानं भक्तमंडळींकडे केलं होतं आणि भक्तमंडळी त्याला नमस्कार करत होती. प्रियदर्शनी गुडघ्यावर बसली. पाठ मिळाली. पट्टा मिळाला. मग भुंगा वळला आणि मागच्या दोन्ही पायांना चिकटलेले परागाचे पिवळे गोळे लख्ख दिसले. तिला टाळी वाजवावीशी वाटली.

मनुबाई तिच्याशेजारी येऊन बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "प्रिया, तू शिकलेली हाईस. खरं सांग. मालकच हायत न्हवं?"

प्रियदर्शनीनं मोबाईल खाली घेतला. एक ‘हो’ म्हटलं की सासूचं वर्ष सुखानं सरलं असतं. पण कुठल्या किड्यालाही तिनं आजवर खोटं नाव दिलं नव्हतं. आणि सासूनं खरं विचारलं होतं. महाराजांनी तेवढ्यात मोठ्या प्रेमानं माईक तिच्या तोंडाशी धरला.

"आई," ती म्हणाली आणि ते पार एसटी स्टँडापर्यंत ऐकू गेलं, "ही मादी आहे."

टाळ थांबले. पखवाजवाल्याचा हात हवेतच राहिला. नाथाजींनी जोडलेले हात हळूच खाली घेतले.

"मादी?"

"हो. राणी. एकटीच जागा हुडकते, एकटीच घर बांधते. पोरांच्या खाण्यासाठी दिवसभर उन्हात हिंडते, घरी आली की अंडी उबवत बसते. ते पायाला दिसतंय ना, ते पोरांसाठीच चाललंय."

"आन् गडी?"

"तो काही करत नाही, आई. आयतं खातो आणि फिरतो."

मनुबाईनं फोटोकडे पाहिलं. फोटोतले आण्णा हवालदाराच्या वर्दीत, मिशीला पीळ देऊन, कुणीतरी चहा आणील अशा बेतानं बसले होते. मग वर्षात पहिल्यांदाच तिला हसू फुटलं. तिनं डोळे पुसले आणि शेवंतीतल्या त्या केसाळ बाईला मनापासून हात जोडले.

"मग मालकच हायत," ती म्हणाली. "देवानं बराबर जागी बदली केलीया."