पाठ लागली तेव्हा

परदेशात जिउ-जित्सूच्या अंतिम लढतीत काजलनं मॅटवर पाठ टेकली आणि खालूनच समोरच्या मुलीचा हात असा आवळला, की तिनं हार मानली. जिंकल्यापासून ती वडिलांना, तात्यांना, फोन लावत होती, तो बंदच होता.

सुवर्णपदक घेऊन ती कोरेगावच्या स्टँडवर उतरली. न्यायला कुणीच आलं नव्हतं. पदक बॅगेत सारून ती एकटीच चालत घरी आली. उभं आयुष्य कुस्तीत गेलेल्या तात्यांनी तिच्यापुढं जेवणाचं ताट सरकवलं.

"पाठ लागलेली दिसली अन् मोबाईल बंद केला, पोरी. स्टँडवर हलगी सांगितली हुती, तीबी माघारी धाडली. हरल्यावर लोकांची तोंडं बघवत न्हाईत, मला म्हाईत हाय."