मे महिन्याचं बुकिंग

जानेवारीत मे महिन्याचे पैसे भरणारा माणूस जगदीशच्या मते वेडा होता, आणि हा वेडा त्याच्याच घरात जन्माला आला होता. राजरत्न केरळच्या सहलीचं पत्रक घेऊनच जेवायला बसला होता. आत्ता बुक केलं तर स्वस्त पडेल, मार्चनंतर विमानाचे दर अंगावर येतील, असं त्याचं म्हणणं.

जगदीश शिवडीच्या गोदामातून निवृत्त झालेला. त्याचा सिद्धांत साधा होता. संध्याकाळी भाजीवाली भाव उतरवते, तसा सहलवालाही उतरवतो. रिकाम्या खुर्च्या घेऊन विमान थोडंच उडवणार? या सिद्धांतापायी हे कुटुंब महाबळेश्वरला गेलं नव्हतं, गोव्याला गेलं नव्हतं. एकदा तर भाव उतरायची वाट बघता बघता शाळा सुरू झाल्या होत्या.

"यंदा आईला न्यायचंच," राजरत्न म्हणाला.

यावर मात्र बापलेकांचं एकमत होतं. सुंदराबाईला जन्मात सुट्टी मिळाली नव्हती. परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सहा माणसं. पहाटेचं पाणी, दोन डबे, नातवंडांची शाळा, आणि रात्री सगळ्यांची अंथरुणं घालून झाल्यावर उरेल त्या पट्टीत तिने पाठ टेकायची. सून माया, राजरत्नची बायको, स्वतः नोकरी सांभाळून हातभार लावायची, तरी तिला सासूचं फार वाटायचं. आईंना एकदा तरी निवांतपणा मिळायला हवा, हे तिचं पालुपद होतं.

"मी काय बोलते," सुंदराबाई तव्यावरून पोळी काढत म्हणाली, "आत्ताच भरून टाकू. अर्धे नको, सगळे."

सगळ्यांचे घास थांबले. कोथिंबिरीच्या जुडीवर कढीपत्ता फुकट मागणारी ही बाई. राजरत्नने सावधपणे समजावलं की दर दोन आहेत. एकात आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे परत मिळतात. दुसरा स्वस्त, पण त्यात दमडी परत येत नाही. सुंदराबाईने दुसरा निवडला. पैसे परत मिळणार म्हटलं की या घरातून कोणाचा पाय निघायचा नाही, हे तिचं कारण. जगदीशला राग आला, पण भिशीचे पैसे तिचे होते, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहाही जणांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स पिशवीत घालून ती लालबागला हितेंद्रच्या सहलींच्या ऑफिसात गेली. हितेंद्र खालच्या मजल्यावरचा, चाळीत लहानाचा मोठा झालेला. परत आल्यावर तिने सांगितलं की पैसे भरले. ग्रुपची तिकिटं हितेंद्र स्वतः विमानतळावर देणार.

मग घराला सहलीचं वेड लागलं. मायाने दादरहून सासूसाठी मऊ बूट आणले. जगदीश दर रविवारी मुलाच्या मोबाइलवर केरळचे दर बघायचा. मार्चमध्ये ते दुप्पट झाले, तेव्हा त्याने बघणं सोडलं. चौदा एप्रिलची धामधूम आटोपली आणि बॅगा खाली उतरल्या. नातवंडं आजीला विमानातला पट्टा कसा बांधायचा ते रोज शिकवायची, आणि आजी रोज नव्याने शिकायची.

निघायच्या आदल्या दिवशी सुंदराबाई जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी थांबत वर आली. गुडघा धरला होता. शेकून झालं, मलम चोळून झालं, पण तिला पाय टेकवेना.

जगदीशचा चेहरा उतरला. म्हणाला, सगळंच रद्द करू, तिला सोडून कसलं केरळ. राजरत्नने हितेंद्रला फोन लावला. पैसे परत मिळणार नव्हते.

"म्हणून थांबा म्हणत होतो," जगदीश म्हणाला, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

"अहो, माझे एकटीचे बुडाले ते बुडाले," सुंदराबाई म्हणाली. "तुमचे पाच जणांचे कशाला बुडवता?"

तेवढ्यात मायाने आपली बॅग उघडली आणि कपडे बाहेर काढायला लागली. "मी राहते आईंजवळ. मुलं बाबांबरोबर जातील."

सुंदराबाई खरोखर घाबरली. तिने सुनेचा हात धरला, गळ घातली, शेवटी रागावलीसुद्धा. शेजारची लक्ष्मी दोन वेळा डोकावेल असं कबूल करून घेतल्यावर माया कशीबशी तयार झाली. आईसाठी केलेली सहल आईलाच सोडून निघाली, याचं सगळ्यांनाच वाईट वाटत होतं.

सकाळी टॅक्सी आली. सुंदराबाईने गॅलरीतून हात हलवला. माया वळणापर्यंत मान मागे वळवून बघत होती.

सुंदराबाईने दार लावून घेतलं. लग्न होऊन या खोलीत आल्यापासून ती इथे एकटी कधीच राहिली नव्हती. तिने पंखा पूर्ण सोडला, खोलीच्या बरोबर मधोमध अंथरूण घातलं आणि हातपाय पसरून पडली. कोणालाच पाय लागत नव्हता. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसायला लागली.

दुपारी तिने हितेंद्रला फोन लावला.

"काकी, सगळ्यांना आत सोडलं," तो म्हणाला. "माया वहिनी रडत होत्या, पण गेल्या."

"गुणाची पोर आहे," सुंदराबाई म्हणाली. "दिवाळीचं बुकिंग उघडलं की सांग, लगेच सगळे पैसे भरते. आणि जानेवारीत काढलीस तशी पाचच तिकिटं काढ."